आईच्या खाडीतला पाइप

माझी आई साडेतीन वर्षांची आहे आणि तिला सारखे शिंपले हवे असतात.

पहिली आई ज्या हिवाळ्यात गेली, त्याच हिवाळ्यात माझ्या लेकीला, युलियानाला, मुलगी झाली. नाव आईचंच ठेवलं, बोलेट्ट. तेव्हापासून मी त्या पोरीला आई म्हणते, युलियाना स्वतःच्या पोटच्या पोरीला आजी म्हणते, आणि आईचा धाकटा भाऊ, माझा एनोकमामा, सत्तरी ओलांडलेला शिकारी, तिला ताई म्हणतो. ताईला धूर आवडत नसे म्हणून ती घरात असली की तो सिगरेट ओढायला बाहेर बर्फात जाऊन उभा राहतो. ती मला 'पोरी' म्हणते. "पोरी, मोजे घाल." "पोरी, तुझी कॉफी सांडली बघ." मी अठ्ठावन्न वर्षांची. तिला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. गेलेलं माणूस परत येऊन काही मागत असेल, तर त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पहिल्या आईचा जीव शिंपल्यांत होता. ती लहान असताना एका हिवाळ्यात सील आले नाहीत, मासे आले नाहीत, आणि खाडी इतकी जाड गोठली की खडकाला चिकटलेले शिंपले खालीच राहिले. त्या हिवाळ्यात तिची दोन भावंडं उपाशी गेली. पुढे मी मोठी होत असताना आमच्या उइलोर्फिक गावात सरकारने धुणंघर बांधायला काढलं. धुण्याची यंत्रं, अंघोळीच्या खोल्या, एका बाजूला सीलची कातडी खरवडायची जागा. सांडपाण्याचा पाइप कुठे सोडायचा यावर सभा भरली. इंजिनियर म्हणत होता उत्तरेला, कड्याखाली. आई उभी राहिली आणि म्हणाली, "शिंपल्यांच्या खाडीत सोडा. पाणी कोमट असतं ना? बर्फ पातळ राहील. ऐन हिवाळ्यातसुद्धा पोरांना चार शिंपले काढता येतील." इंजिनियर म्हणाला, साबण जाईल. आई म्हणाली, "समुद्र मोठा आहे."

सगळ्या गावाने हात वर केले. आणि आईचं खरं ठरलं. पाइपाच्या तोंडाशी बर्फ धरतच नाही, आणि तिथले शिंपले असे पोसले की बाहेरगावचे लोक बघत राहतात. गेली पंधरा-सोळा वर्षं धुणंघराची किल्ली माझ्याकडे आहे. यंत्रं मी लावते, यंत्रं मी पुसते, आणि ओहोटीला तिथूनच बादली भरून घरी आणते.

मागच्या उन्हाळ्यात मेते नावाची डेन्मार्कची बाई आली, तरुण, लाजरी, नाकावर उन्हाने साल निघालेली. तिने खाडीतले शिंपले नेले. या वसंतात ती परत आली आणि शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. शहरातून नगरपालिकेचा गेर्त आला होता. तो आमच्यातलाच, त्याची आजी या गावची. कॉफी झाली, केक झाला, मग मेतेने दिवे मालवून भिंतीवर चित्रं दाखवली. शिंपल्याचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली. त्यात धागे. निळे, लाल, काळे, गुंतलेले, केसाहून बारीक.

"हे प्लॅस्टिकचे धागे आहेत," मेते म्हणाली. "कपड्यांतून सुटतात. प्लॅस्टिकच्या लोकरीची जाकिटं असतात ना, ती यंत्रात धुतली की एका धुण्यात लाखो सुटतात. इथल्या पाण्यात दोन वाटांनी येतात. बरेचसे दक्षिणेकडून, प्रवाहाबरोबर, मोठमोठ्या शहरांतून. आणि बाकीचे..." ती थांबली. बिचारीला बोलणं जड जात होतं. "बाकीचे तुमच्या पाइपातून."

"आणि ते मोठं पांढरं जहाज?" एनोकमामाने विचारलं. "उन्हाळाभर खाडीच्या तोंडाशी उभं असतं ते. त्यावरचे लोक रोज चादरी बदलतात म्हणे. ते धुणं कुठे जातं?"

"त्यातूनही येत असणार. पण ते जहाजवाले मला तपासू देत नाहीत."

"आणि आम्ही देतो, म्हणून आमचं सापडलं," मामा म्हणाला.

मेतेने मान खाली घातली. मग तिने सांगितलं की या धाग्यांनी माणसाचं नेमकं काय होतं ते अजून कुणाला पक्कं ठाऊक नाही, पण तोवर लहान मुलांना त्या खाडीतले शिंपले न दिलेले बरे.

युलियाना माझ्या शेजारीच होती, बोलेट्ट तिच्या मांडीवर. युलियानाने पोरीला अशी घट्ट धरली की ती कुरकुरली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण धुणंघर माझं, तेव्हा गुन्हेगार मीच, मग आरोपीने तरी बोलायला नको का?

"मेतेबाई," मी म्हटलं, "तुझं वय काय? तिशीची असशील. तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. माझा बाप सील मारायचा. मांस आम्ही खायचो, कातडी माझी आई खरवडायची, आणि दुकानात ती कातडी विकून पीठ, तेल, बंदुकीच्या गोळ्या यायच्या. आमच्या अंगावर सील, पायात सील. त्यातून धागा सुटत नाही. मळलं की बर्फात घासायचं, झटकायचं, झालं. मग तुमच्याकडच्या लोकांना सीलच्या पिल्लांचा पुळका आला. आम्ही पिल्लं मारत नाही, हे ऐकायला कुणाला सवड होती? कातडी विकणं बंद. बापाची वर्षभराची कातडी दुकानाच्या मागे कुजली. त्याने बंदूक खुंटीला लावली ती लावलीच. मग दुकानात काय आलं? प्लॅस्टिकची लोकर. रंगीबेरंगी, हलकी, स्वस्त. आम्ही घेतली. नागडं फिरायचं होतं का? आता तुम्हीच येऊन सांगता, तुमच्या जाकिटांमुळे समुद्र नासला. आधी अंगावरचं काढून घेतलंत, मग अंगावर घातलंत, आता घातलं म्हणून बोलता. तुमच्या शहरांतलं धुणं आमच्या दारात, जहाजांचं धुणं आमच्या दारात, आणि आमच्या पोरांनी शिंपले खायचे नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आमच्याकडे सभेत टाळ्या वाजत नाहीत, लोक भुवया उचलून हो म्हणतात, नाक मुरडून नाही म्हणतात आणि गप्प बसतात. पण त्या दिवशी वाजल्या. मेतेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तिने स्वतः प्लॅस्टिकच्या लोकरीचंच जाकीट घातलं होतं, जांभळं. ते तिने हळूच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

मग गेर्त उठला. गोड बोलणारा माणूस. "रास्मिनेमावशी बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा आहे," तो म्हणाला, "म्हणूनच मी रिकाम्या हाताने आलेलो नाही. धुण्याच्या यंत्रांना गाळणी बसवायची तर मंजुरीला वर्षं जातील, बाकीच्या गावांसाठी गेली दोन वर्षं मी त्याच्याच मागे आहे. पण पाइपाचे पैसे आत्ता आहेत. याच उन्हाळ्यात पाइप खाडीतून काढू आणि उत्तरेला कड्याच्या पलीकडे नेऊ. इथलं पाणी हळूहळू स्वच्छ होईल. मुलांना पुन्हा शिंपले खाता येतील. फक्त गावाची संमती हवी. हात वर करा, की झालं."

माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. युलियानाचा त्याच्या मागोमाग. मग आजूबाजूला बरेच. मी मनात म्हटलं, चला, एकदा तरी आरडाओरडा करून काहीतरी पदरात पडलं.

एनोकमामाचा हात खालीच होता. तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "कड्याच्या पलीकडून प्रवाह नाजासोकला जातो."

हॉलमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. आमच्या जाळ्याचे तरंगते बोये सुटले की ते नाजासोक गावाच्या किनाऱ्यावर मिळतात, तिथले लोक दोरीला बांधून परत धाडतात. गेल्या साली कड्याखाली जखमी होऊन बुडालेला सील तिथेच लागला होता आणि त्यांनी अर्धं मांस बोटीतून आणून दिलं होतं. माझी नणंद आमालिया तिथेच राहते. तिची नातवंडं तिथल्या खडकांवर दिवसभर बुडं वर करून शिंपले खरवडत असतात.

वर गेलेले हात वरच होते, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"लांब आहे की नाजासोक," मागून कुणीतरी म्हणालं.

"इतकं काही जाणार नाही तिथवर."

"समुद्र मोठा आहे," दुकान चालवणारा मिकाएल म्हणाला.

माझा हात खाली आला. मी आणला नाही, तो आपोआप आला. इतका वेळ मी ज्यांना शिव्या घालत होते, ते लोक याहून वेगळं काय म्हणाले असतील? कुठल्यातरी शहरातल्या बाईने यंत्राचं बटण दाबताना असंच म्हटलं असेल. ती तेवढंही म्हणाली नसेल, पाणी कुठे जातं याचा तिने विचारच केला नसेल. आम्ही तर विचार करून, पत्ता ठाऊक असून पाठवायला निघालो होतो. तिथल्या पोरांची नावंसुद्धा आम्हाला माहीत होती.

"आई, हात का खाली?" युलियाना मला म्हणाली.

"नाजासोकला आमालियाआत्या आहे तुझी."

"आणि इथे माझी पोर आहे." तिचा आवाज चढला. "तू आत्ता एवढं भाषण ठोकलंस ते कशासाठी? टाळ्या घ्यायला? आपल्या आजीच्या पोटात प्लॅस्टिक जातंय, आणि तू दुसऱ्यांच्या पोरांची काळजी करतेस?"

"दुसऱ्यांची नाहीत ती."

"मग माझी कोण आहे?" तिने बोलेट्टला उचलून माझ्यासमोर धरलं. "हिच्याकडे बघून सांग."

दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे आधी आपलं बघावं, कुणी म्हणे आमालियाला तोंड कसं दाखवायचं. गेर्त सारखा घड्याळाकडे बघत होता, त्याची बोट वारा वाढायच्या आत सुटायला हवी होती. हात मोजले तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

तेव्हा मामाने हात उंच केला. सगळे गप्प झाले.

"हा पाइप माझ्या ताईने टाकायला लावला," मामा म्हणाला. "सभेत उभी राहून तिने जागा सांगितली, गावाने ऐकलं. आता काढायचा की ठेवायचा हेही तिनेच सांगावं. ती इथेच बसली आहे."

मेतेने माझ्याकडे बघितलं, तिला काही उमगलं नाही. आमच्यातलं कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मामा उठला, गुडघे करकरत युलियानासमोर खाली बसला आणि पोरीचा हात हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुझ्या खाडीतला पाइप आहे ना, तो कड्याच्या पलीकडे, नाजासोकच्या बाजूला न्यायचा म्हणतात. नेऊ का?"

बोलेट्टने विचार केला. तिच्या ओठाला केकचं क्रीम लागलं होतं.

"मला शिंपले पाहिजेत," ती म्हणाली.

"पाइप नेला तर मिळतील," युलियाना तिच्या कानात म्हणाली.

"मग न्या," बोलेट्ट म्हणाली आणि भुवया उचलल्या, अगदी पहिली आई उचलायची तशा, एक जरा जास्त वर.

संपलं. हॉलभर सुस्कारे सुटले. हात वर जायला लागले, एकेक करून, मोकळ्या मनाने. नाजासोकला तोंड कसं दाखवायचं म्हणणाऱ्यांचेसुद्धा गेले. आता ठरवणारी ती होती, आपण फक्त ऐकणारे. मामानेही हात वर केला, चेहरा पाडून. बहिणीच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात गेला नव्हता. आणि मी बघत होते की हे सगळं अगदी असंच पहिल्या वेळीही झालं होतं. तिला भूक आठवत होती म्हणून तिने जागा सांगितली, तिच्या भुकेपुढे कुणाला बोलता आलं नाही, आणि आम्ही तिच्या आड लपून हात वर केले.

"नाही," मी म्हणाले.

गेर्त मोजत होता, तो थांबला.

"नाही, आई. या वेळी तुझं ऐकायचं नाही."

बोलेट्ट माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, तो शब्द तिच्यासाठी नवाच होता.

"पोरी?" ती म्हणाली.

"मागच्या वेळी ऐकलं तुझं. सगळ्यांनी ऐकलं. तू उपाशी राहिली होतीस, म्हणून कुणाची बोलायची छाती झाली नाही. मीही त्या सभेत होते, मीही हात वर केला. बर्फ वितळला, शिंपले मिळाले, आणि त्यांच्या पोटात काय जातंय ते तूही बघितलं नाहीस, मीही नाही. आता तेच नाजासोकच्या पोरांना खायला घालायला सांगतेस? तुला शिंपले मिळणार नाहीत, आई. पाइप जागचा हलणार नाही. घाण आपल्या दारात आहे, आपल्या डोळ्यांसमोर आहे, ती तिथेच राहील. डोळ्यांसमोर असली तर कुणीतरी निस्तरेल."

आवाज चढत गेला होता ते मलाच कळलं नाही. मी तिच्यावर ओरडत होते. साडेतीन वर्षांच्या पोरीवर, भर सभेत, आणि राग पोरीवर नव्हताच, तो तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या म्हाताऱ्या आईवर होता, जिच्यावर मी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता.

बोलेट्टचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने भोकाड पसरलं.

मामा उभा राहिला. "रास्मिने, मेलेल्या माणसाला रडवलंस तू."

"रडू दे, मामा."

"माफी माग तिची."

"तू माग आमालियाची, मग मी मागते."

मामाने हात खाली घेतला आणि कोट न घालताच बाहेर गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे हात खाली आले, काही रागाने, काही सुटल्यासारखे. गेर्त म्हणाला की असं असेल तर पैसे दुसऱ्या गावाला जातील. मी म्हटलं, जाऊ देत, पण त्या गाळणीसाठी तू जिथे जिथे जाशील तिथे मी तुझ्या मागे येईन, आणि मी आज जशी बोलले तशीच तिथे बोलेन. त्याने नाक मुरडलं नाही, भुवयाही उचलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धुणंघराच्या दारात उभी राहून येईल त्याला सांगितलं की गाळणी येईपर्यंत प्लॅस्टिकची लोकर यंत्रात पडणार नाही. सुती आणा, लोकरीचं आणा. जाकिटं बर्फात घासा, कातडी घासायचात तशी. मिकाएल म्हणाला, "आणि उन्हाळ्यात?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात वास येईल." लोक म्हणतात ही नाकाने कांदे सोलते, म्हणोत. पांढऱ्या जहाजाच्या चादरी मला थांबवता येत नाहीत, दक्षिणेची शहरं मला थांबवता येत नाहीत. माझ्या हातात तीन यंत्रं आहेत. याचाही मला संताप येतो, रोज येतो.

युलियाना माझ्याशी बोलत नाही. पोरीला माझ्याकडे सोडते, कारण सोडायला दुसरं घर नाही, पण दारातूनच.

काल मोठी ओहोटी होती. मी यंत्रं पुसत होते तेवढ्यात बोलेट्ट मागच्या दाराने निसटली. खिडकीतून बघितलं तर ती पाइपाशी खडकावर उकिडवी बसलेली, कोमट पाण्याची वाफ तिच्याभोवती, आणि दगडाने शिंपला ठेचत होती, पहिल्या आईच्या पद्धतीने, टोकाकडून. मी धावले. ती मांस तोंडात घालणार तोच मी तिचं मनगट धरलं आणि बोटं उकलली.

"दे, पोरी," ती म्हणाली. "भूक लागली."

"घरी सीलचं सूप आहे."

"हेच."

"नाही, आई."

मी शिंपला पाण्यात फेकला. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं आता ही त्या हिवाळ्यातल्या दोन भावंडांची नावं घेणार. तिने ती घेतली नाहीत. तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि अंगठ्याखाली कडकडून चावली, सगळा जोर लावून. चामडी फुटली, रक्त आलं.

मी हात काढून घेतला नाही. तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं, ती चावत होती आणि हुंदके देत होती, आणि ती सोडेपर्यंत मी तशीच उभी राहिले.